ऐसपैस : दुसरीचा वर्ग, योगासनं आणि पर्सनल स्पेस

२३ जून

आजपासून नोंदी ठेवायला घेतेय. परवा २१ जून झाला, २०१५ पासून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस असतो, तर मैदानात सगळे वर्ग रांगेत उभे होते आणि वृक्षासनात आमच्या दुसरीतल्या एकाचा तोल गेला, त्याच्यासोबत पुढचे चौघं पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे खाली. हात बाजूला घ्या म्हटलं की कुणाचा तरी हात शेजारच्याच्या नाकावर. आम्ही मोठी माणसं मात्र पाय जुळलेत का, मान ताठ आहे का एवढंच बघत होतो. मुलं एकमेकांत किती गुंतून उभी आहेत ते कुणीच बघितलं नाही, मी पण नाही.

घरी आल्यावर डोक्यात तेच फिरत राहिलं. कारण वर्गात दिवसभर हेच ऐकते मी, बाई हा मला चिकटतोय, बाई ही ढोपर मारते, बाई तो सारखा अंगावर येतो. आणि माझी उत्तरं ठरलेली, लांब बस, सरकून बस, हात आपल्याजवळ ठेव. लांब म्हणजे किती हे मी एकदाही सांगितलेलं नाही. सात वर्षांच्या मुलाला ते आपोआप कळायला हवं असं आपण धरून चालतो.

म्हणून ठरवलं, आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटं आसनं, पण उद्देश लवचिकता वगैरे नाही. माझं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे मुलांना कळावं, बस एवढाच.

२५ जून

आज टेप घेऊन वर्ग मोजला. आमच्या बाकावर दोन मुलं बसली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मीटर येतो. आता एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अंतरांचे जे पट्टे मांडले त्यात साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतली जागा ही अगदी जवळच्या माणसांसाठीची, तिथून सुमारे १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांसाठीची आणि त्यापलीकडे कामापुरत्या लोकांची. ही मापं त्याने अमेरिकेतल्या मोठ्या माणसांवरून काढलेली, त्यामुळे मुलांना जशीच्या तशी लावायची नाहीत हे मला कळतं. तरी विचार करा, आपण मुलांना दिवसातले कितीतरी तास खांद्याला खांदा लावून बसवतो, मग म्हणतो लांब बस. कुठे बसणार ते?

दुसरा हिशोब आसनांचा. हात दोन्ही बाजूंना पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर जवळपास आपल्या उंचीइतकं भरतं, सात वर्षांच्या मुलाचं म्हणजे १२० सेंटिमीटरच्या आसपास. एका मुलाला १.२ बाय १.२ मीटरचा चौकोन धरला तर १.४४ चौरस मीटर होतात, माझी मुलं ३४, म्हणजे ४९ चौरस मीटर लागणार आणि वर्ग आहे ४२ चा, त्यातही बाकं भिंतीला लावल्यावर बरीच जागा जाते. तेव्हा दोन गट, १७ आणि १७. एक गट आसनं करेल तेव्हा दुसरा बाकावर बसून श्वास मोजेल आणि बघेल. आधी वाटलं ही तडजोड झाली, पण बघणाऱ्या गटालाही काम द्यायचं असं ठरवलं, कोण कुणाला लागलं ते नाही बघायचं (चहाड्या सुरू होतील), कुणाच्या भोवती सगळ्यात जास्त मोकळी जागा दिसते ते बघायचं.

२७ जून

पहिला दिवस फसला. पर्सनल स्पेस समजावायला मी फुग्याची कल्पना वापरली, प्रत्येकाच्या भोवती एक न दिसणारा मोठा फुगा आहे, तो आपण जपायचा वगैरे. बऱ्याच ठिकाणी असंच शिकवतात, आणि ऐकायला छान वाटतं. पण मुलांना फुगा दिसला की काय करावंसं वाटतं? फोडावासा वाटतो. दोन मिनिटांत बोटं टोचत सगळे फिरायला लागले, फट्ट फट्ट आवाज काढत. एक मुलगी खरंच रडली की माझा फुगा सगळ्यांनी फोडला, आता माझ्याकडे काहीच नाही. तिला जवळ बोलावून सांगितलं की तुझी जागा कुणाला फोडता येत नाही, पण ते मला आधी सुचायला हवं होतं. उपमा निवडताना ती मुलांच्या हातात गेल्यावर काय होईल हे बघायला पाहिजे.

३० जून

शब्द मिळाला! मुलांना विचारलं ऐसपैस बसणं म्हणजे काय, तर एकाने लगेच जमिनीवर हातपाय पसरून दाखवलं. मग म्हटलं त्यातला पैस म्हणजे मोकळी जागा, प्रत्येकाचा आपला एक पैस असतो. पैसे का बाई, असं करून हसले सगळे पाच मिनिटं, पण त्या हसण्यातच शब्द पक्का बसला. आता माझा पैस, तुझा पैस असं सर्रास बोलतायत.

मग ताडासनात उभं राहून पैस रंगवला. दोन्ही हात म्हणजे ब्रश, पाय हलवायचे नाहीत, जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंत हवा रंगवायची. वर, बाजूला, पुढे, आणि मागे. मागे रंगवताना सगळ्यांची गंमत झाली कारण मागे हात नीट पोचतच नाहीत, वळून वळून बघत होते. एक जण म्हणाला बाई माझा पाठीमागचा पैस मला दिसतच नाही. हे लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

४ जुलै

आज त्या मुलाबद्दल लिहायचंय जो सगळ्यांना आपटतो. नाव लिहीत नाही. रांगेत पुढच्यावर रेलतो, बसताना शेजारच्याच्या मांडीवर अर्धा बसतो, मिठी मारतो ती इतकी घट्ट की समोरचा ओरडतो. मागच्या वर्षीपासून त्याच्यावर दांडगट असा शिक्का आहे.

माझी एक मैत्रीण ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणारी, तिच्याशी बोलले. ती म्हणाली तो दांडगट आहे का ते नंतर बघ, आधी हे बघ की त्याला स्वतःचं शरीर नीट जाणवतं का. आपल्या स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये सेन्सर असतात, ते मेंदूला सतत कळवत असतात की हात कुठे आहे, पाय कुठे आहे, जोर किती लागतोय, म्हणून डोळे मिटले तरी आपल्याला नाकाला बोट लावता येतं. याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, मी आपलं अंगभान म्हणते. काही मुलांना ही जाणीव पुसट मिळते, मग ती अंग घासून, रेलून, आपटून ती मिळवतात. म्हणजे तो दुसऱ्याच्या जागेत घुसतोय असं आपल्याला वाटतं, आणि तो बिचारा आपली कड शोधत असतो.

तिने सुचवलं की ज्यात अंगाला जोर लागतो अशा गोष्टी त्याला आधी दे. तर आज आसनांच्या आधी सगळ्यांनाच भिंत ढकलायला लावली, तळहात टेकवून, दहा श्वास. मग उत्कटासन, खुर्चीत बसल्यासारखं, मग अधोमुख श्वानासन ज्यात हातापायांवर भार येतो. त्यानंतर वृक्षासन, ज्याला हवं त्याने एक हात भिंतीला लावून. हा पठ्ठ्या भिंतीजवळ चक्क वीसेक सेकंद एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला बाई माझा पाय जड झालाय, मला तो कळतोय. मला कळतोय! हेच तर पाहिजे होतं.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण त्याला लांब हो म्हणायच्या ऐवजी भिंत ढकलून ये म्हणायचं असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

७ जुलै

खडूने चौकोन आखले होते. भांडणं झाली. माझ्या पैसमध्ये तुझा अंगठा आला वगैरे, रेघेवर पाय ठेवला म्हणून दोघांनी एकमेकांना ढकललं. रेघ आखली की ती राखायची वेळ येते. पुसून टाकलं सगळं, आता फक्त मधोमध एकेक ठिपका, तिथे पाय ठेवायचे, बाकी पैस हात पसरून स्वतः शोधायचा. हात लागला तर कुणी सरकायचं ते दोघांनी बोलून ठरवायचं.

११ जुलै

आज जे झालं ते मला नीट लिहायचंय, थोडं लांबलं तरी चालेल.

वीरभद्रासन दोन घेतलं. पाय रुंद, पुढचा गुडघा वाकलेला, हात दोन्ही बाजूंना ताणलेले, नजर पुढच्या हाताच्या बोटांवर. मला हे आसन या कामासाठी सगळ्यात जवळचं वाटतं कारण त्यात अंग आपोआप रुंद होतं, इथपर्यंत मी आहे असं न बोलता सांगता येतं. वर्गात एक अगदी गप्प मुलगी आहे, कुणी तिचा रबर उचलला तरी काही बोलत नाही, कुणी खेटलं तर स्वतःच आवरून घेते, बाकाच्या टोकाला टेकते. तिचे हात खाली लोंबत होते. मी मागून गेले, तिचा खांदा धरला आणि दंड वर उचलला. ती दचकली, सगळं अंग आक्रसून घेतलं आणि लगेच सावरून हसली, जसं मोठ्यांनी काही केलं की मुलं हसतात तसं.

मी हात काढला पण मला पुढचं काही सुचेना. पाच आसनं मी पैस पैस करत शिकवतेय आणि त्याच तासाला मुलांच्या मागून, त्यांना न विचारता, त्यांच्या अंगाला हात लावतेय. त्या एका मुलाने तर ३० जूनलाच सांगितलं होतं की मागचा पैस दिसत नाही. आठवून बघितलं तर दर तासाला मी पाच सहा जणांचे खांदे, गुडघे, हनुवट्या नीट करते, सवयीने, प्रेमानेच. पण मुलाने त्यातून काय शिकावं? की मोठ्या माणसाला परवानगी लागत नाही. आणि हा धडा मुलाच्या मनात बसला तर तो पुढे नको त्या ठिकाणी त्याला गप्प बसवू शकतो, याची मला खरी भीती वाटली.

योगाच्या आठ अंगांमध्ये आसन तिसरं येतं. त्याआधी यम आणि नियम, आणि यमांमध्ये सगळ्यात पहिली अहिंसा. मी थेट तिसऱ्या पायरीवर जाऊन हात सरळ करत बसले होते.

तास थांबवला. सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, आज बाईंनी चूक केली, मी न विचारता हात लावला, सॉरी. तिच्याकडे बोट केलं नाही, नाहीतर सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं असतं. वर्ग एकदम शांत. मग एकाने विचारलं, म्हणजे आम्ही बाईंना पण नको म्हणू शकतो? म्हटलं हो. मला पण म्हणू शकता.

आजपासूनचे नियम. एक, मी समोरून येणार, मागून नाही. दोन, आधी तोंडाने सांगणार, मग स्वतः करून दाखवणार, आणि तरीही गरज लागली तर विचारणार, हात लावू का. तीन, पुठ्ठ्याचे छोटे गोल केलेत, एका बाजूला हिरवा दुसऱ्या बाजूला पिवळा, पायापाशी ठेवायचे. हिरवा म्हणजे मी विचारलं तर चालेल, पिवळा म्हणजे आज मी विचारूही नये. मोठ्यांच्या योगवर्गात काही ठिकाणी अशी कार्डं ठेवतात. मुद्दाम लाल घेतला नाही, लाल म्हटलं की मुलांना आपण काहीतरी वाईट केल्यासारखं वाटतं. मधेच उलटवला तरी चालेल आणि कारण कुणीही विचारायचं नाही, मीसुद्धा.

१४ जुलै

पहिल्याच दिवशी ३४ पैकी ११ गोल पिवळे. त्यातल्या काही जणांना नुसतं उलटवून बघायचं असेल. असू दे.

आज थांब खेळलो. दोघं समोरासमोर ताडासनात, एक जण जागेवर, दुसरा हळूहळू चालत येतो, उभा असलेला थांब म्हणाला की तिथेच थांबायचं आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. संशोधक पण असंच मोजतात. आधी जिवलग मित्र येतो, मग कधी फारसं न बोललेला मुलगा, मग मी. एकाच मुलाचे तीन आकडे तीन तऱ्हेचे आले, मित्रासाठी १५ सेंटिमीटर आणि माझ्यासाठी चक्क ९०. ते फळ्यावर लिहिल्यावर मुलांच्या लक्षात आलं की पैस लहानमोठा होतो. मग मी पाठीमागून येणाऱ्याचं मोजूया म्हटलं तर बऱ्याच जणांनी मला बघूच दे म्हणून नकार दिला, तोही उत्तरच समजले.

यावर थोडं वाचलं होतं ते इथे टिपते. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या लोकांना हेच विचारलं होतं तर देशादेशांत बराच फरक आला, आणि वय, बाई की पुरुष यानेही फरक पडत होता. लहान मुलं जवळ उभी राहतात, वय वाढतं तसं अंतर वाढतं आणि साधारण बाराव्या वर्षाच्या सुमाराला मोठ्यांसारखं होतं. आणि २००९ मधला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, एका बाईच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता, तिला अनोळखी माणूस अगदी नाकाला नाक लागेल इतका जवळ आला तरी काही वाटत नव्हतं. म्हणजे कुणी फार जवळ आलं की आपल्याला जे कसंतरी होतं तो मेंदू देत असलेला इशारा आहे. अंगचटीला येणं नको वाटणाऱ्या मुलाला आपण माणूसघाणं म्हणतो आणि अंगाला चिकटणाऱ्याला लाडावलेलं, हे दोन्ही बंद करायला हवं.

१८ जुलै

विशेष काही नाही. मार्जारासन घेतलं, पंधरा मिनिटं नुसतं म्यांव म्यांव. धक्का एकही नाही.

२२ जुलै

पालकांना बोलावून सांगितलं काय चाललंय ते. बहुतेकांना आवडलं, पण एका बाबांनी जरा दुखावून विचारलं, बाई परवा मी जवळ घ्यायला गेलो तर पोरगी म्हणाली आज माझा पैस मोठा आहे, म्हणजे आता स्वतःच्या मुलीला पण विचारून जवळ घ्यायचं का? त्यांच्या आवाजातलं वाईट वाटणं खरं होतं. मी विचारलं, मग पुढे काय झालं? तर म्हणाले, काही नाही, अर्ध्या तासाने स्वतःच येऊन मांडीवर बसली. मग तेच थोडा वेळ गप्प झाले.

त्यांना एवढंच सांगितलं की आपल्या माणसाला नको म्हणून बघता आलं आणि तरी प्रेम कमी झालं नाही हे तिला कळलं, तर परक्याला नको म्हणायची हिंमत तिला येईल. आणि जवळ यावंसं वाटणं हा पण तिचाच हक्क, तो आम्ही काढून घेत नाही आहोत.

२५ जुलै

शवासनात एक गोष्ट चुकत होती. मी सगळ्यांना डोळे मिटायला लावत होते. तीन चार मुलं सारखी उघडून बघायची आणि मी टोकायची. आज त्यातल्या एकाला हळूच विचारलं तर म्हणाला डोळे मिटले की कोण जवळ येतंय ते कळत नाही. बरोबरच आहे त्याचं. आता डोळे उघडे ठेवले तरी चालतील, पाठीवर नको तर कुशीवर झोपा, नाहीतर बसून राहा. आणि शवासन चालू असताना मी चालत नाही, एका ठिकाणी बसते, कुठे बसलेय ते आधी सांगून.

भ्रामरी घेतली. सतरा जणांचं गुणगुणणं बंद खोलीत घुमतं, तेव्हा एका मुलीने कान घट्ट दाबून तोंड वाकडं केलं. आवाज पण दुसऱ्याच्या पैसमध्ये जातो की, हे मला सुचलंच नव्हतं. मग दोन भ्रामरी केल्या, एक शेजाऱ्याला ऐकू जाईल अशी आणि एक फक्त स्वतःच्या डोक्यात ऐकू येईल अशी. दुसरी मुलांना जास्त आवडली. आता वर्गात कुणी मोठ्याने ओरडलं की बाकीचे म्हणतात, डोक्यातली भ्रामरी.

३० जुलै

आज पहिल्यांदा जोडीची आसनं. पाच आठवडे मुद्दाम थांबले होते. पाठीला पाठ लावून सुखासनात बसायचं आणि जोडीदाराचा श्वास पाठीला जाणवतो का बघायचं, आणि जोडीचं वृक्षासन, ज्यात शेजारी उभं राहून एकेक तळहात जुळवायचा. नियम एकच, आधी विचारायचं, आणि नको आलं तर बरं म्हणून दुसऱ्याकडे जायचं किंवा एकट्याने करायचं.

माझं सगळं लक्ष त्या आपटणाऱ्या मुलाकडे होतं. तो एकाकडे गेला, विचारलं, नको आलं. दुसऱ्याकडे गेला, तिथेही नको. माझ्या पोटात तुटलं, मागच्या वर्षभराच्या धक्क्यांची आठवण पोरं अशी पाच आठवड्यांत कशी विसरतील. मी उठणार तेवढ्यात तो स्वतःच भिंतीकडे गेला, दोन्ही तळहात टेकवले आणि ढकलत उभा राहिला. ओठ हलत होते, श्वास मोजत होता. दहा झाल्यावर परत आला आणि त्या गप्प मुलीसमोर थांबला, पुरतं हातभर अंतर ठेवून. करायचं का, म्हणाला.

तिने लगेच उत्तर दिलं नाही. खाली आपल्या गोलाकडे बघितलं, तो पिवळा होता. मग म्हणाली, पाठीला पाठ नको, हात चालेल. ती वर्षभरात एवढं सलग बोललेली मला आठवत नाही. दोघांनी तळहात जुळवले, त्याचा हात थरथरत होता पण त्याने रेलू दिलं नाही स्वतःला, आणि मग तीच म्हणाली, पुरे. त्याने हात काढला.

पुढच्या आठवड्यासाठी : बाकावर बसल्या बसल्या करता येतील अशी आसनं बघायची. रांगेचं काम राहिलंच आहे, दार उघडलं की सगळं विसरून गर्दी होते, तिथे चार मुलांना घेऊन आधी करून बघणार. पुठ्ठ्याचे सहा गोल फाटलेत, नवीन कापायचे.